मिठाची वाट आणि गलगंडाचा प्रश्न : आळेफाटा परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग जेथे परस्परांस छेदतात, तो जुन्नर तालुक्यातील चौफुला आळेफाटा या नावाने ओळखला जातो. शेजारचे आळे हे गाव ज्ञानेश्वरांच्या रेड्याच्या समाधीमुळे वारकरी परंपरेस परिचित आहे. आळेफाटा मात्र रस्त्याने घडवलेले गाव आहे. कांद्याचा बाजार, एस. टी.ची वर्दळ, मुंबईकडे जाणारा भाजीपाला आणि मुंबईकडून येणारा किराणा यांवर त्याचे अर्थकारण उभे आहे. माळशेज घाटातून वर येणाऱ्या या किराण्यात एक वस्तू अशी आहे की, जी दोन हजार वर्षांपूर्वीही याच डोंगररांगेतून, थोड्या दक्षिणेकडील वाटेने, देशावर येत होती. ती वस्तू म्हणजे मीठ.

आज या परिसरातील कोणत्याही औषध दुकानात सकाळी उपाशीपोटी घ्यावयाच्या थायरॉक्सिनच्या गोळीची मागणी ही नित्याची बाब आहे. ‘मला थायरॉईड आहे’ असे वाक्य घराघरांत ऐकू येते. अवटु ग्रंथी प्रत्येकालाच असते, परंतु बोलीभाषेने ग्रंथीचे नावच रोगाला देऊन टाकले आहे. या रोगाविषयी लोकांत जे आहारविषयक समज प्रचलित आहेत, त्यांतील बहुतेकांचे मूळ मिठाच्या आणि आयोडिनाच्या इतिहासात आहे. ‘आयोडिनचे मीठ खाल्ले की थायरॉईड बरा होतो’ असे एक मत आढळते, तर ‘आयोडिनच्या मिठानेच थायरॉईड वाढला’ असे त्याच्या नेमके विरुद्ध मतही तितक्याच ठामपणे मांडले जाते. ही दोन्ही मते कोठून आली आणि त्यांत तथ्य किती, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

नाणेघाटाची वाट आणि कोकणचे मीठ

कल्याण आणि सोपारा ही प्राचीन बंदरे जुन्नरमार्गे पैठणशी जोडणारा नाणेघाट हा सातवाहन काळातील महत्त्वाचा व्यापारी मार्ग होता. घाटमाथ्यावरील लेण्यातील नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख सर्वसाधारणपणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील मानला जातो. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेची तपशीलवार नोंद आहे. माथ्यावरील दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता असे परंपरा सांगते. जुन्नर परिसरातील बौद्ध लेण्यांच्या दानलेखांत धान्य व्यापाऱ्यांच्या, बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणी भेटतात. म्हणजे हा प्रदेश केवळ मार्गावरचा मुक्काम नव्हता, तर स्वतःचे भांडवल असलेली पेठ होता.

कोकण आणि देश यांच्यातील देवघेवीचे गणित सोपे होते. देशावर धान्य पिकते, पण मीठ पिकत नाही. कोकणच्या खाड्यांवर मीठ पिकते, पण धान्य पुरेसे होत नाही. उरण, पेण, वसई, भाईंदर या भागांतील मिठागरांतून निघालेले मीठ बैलांच्या पाठीवरील गोण्यांतून घाट चढे आणि परतीच्या खेपेस धान्य उतरे. वंजारी व लमाण तांड्यांनी हा व्यवहार शतकानुशतके सांभाळला. आगरी समाजाचे नावच मुळी ‘आगर’ या शब्दाशी जोडले जाते. मिठाच्या बरोबरीने सुकट, बोंबील, बांगडा अशी सुकी मासळीही वर येई. देशावरच्या आठवडे बाजारात सुक्या मासळीचे दुकान आजही आपल्या वासासकट ठाण मांडून असते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ही मासळी मिठापेक्षा अधिक महत्त्वाची आहे, याचे कारण पुढे येईल.

समुद्राच्या मिठात समुद्राचे सर्व गुण उतरतात, सबब कोकणचे मीठ खाणाऱ्या महाराष्ट्रात गलगंडाचा प्रश्न नव्हता, असे विधान अनेकदा केले जाते. सुशिक्षितांतही ते रूढ आहे. परंतु हे विधान साध्या अंकगणितापुढे टिकत नाही. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि आयोडिनाचे प्रमाण अवघे ५० ते ६० मायक्रोग्रॅम असते. हे सर्व आयोडिन मिठात उतरले असे गृहीत धरले तरी एक ग्रॅम मिठात दोन मायक्रोग्रॅमही आयोडिन येत नाही. प्रत्यक्षात पाणी आटताना आणि मीठ वेचताना त्यातीलही बराच भाग मागे उरलेल्या पाण्यात राहून जातो. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात दर ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडिन असावे असा आजचा भारतीय दंडक आहे. तेव्हा नाणेघाटाने आलेले मीठ जेवणाला चव देत होते, आयोडिन मात्र देत नव्हते. सागरी मासे आणि शैवाल यांचे तसे नाही. ते समुद्रातील आयोडिन आपल्या शरीरात साठवून घेतात. म्हणून घाटावरील गरीब घरात भाकरीबरोबर चिमूटभर सुकट जात असे, तेव्हा तेथे मिठापेक्षा अधिक आयोडिन पोहोचत असे. शाकाहारी घरांना तेवढाही आधार नव्हता. दूध, पाणी आणि जमिनीत जे काही असेल तेवढ्यावरच त्यांची भिस्त होती.

गलगंड : ग्रंथांतरीचे ज्ञान आणि आयोडिनाचा शोध

गलगंडाची ओळख भारतीय वैद्यकास फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचे विवेचन एकाच अध्यायात येते आणि गलगंडाचे वातज, कफज व मेदोज असे प्रकार सांगितले जातात. चरकसंहितेनेही गळ्यापाशी साचलेल्या कफाच्या शोथाची नोंद केली आहे. येथे एका भाषिक गोंधळाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. मराठीत ‘गंडमाळा’ हा शब्द गलगंडासाठी सर्रास वापरला जातो, परंतु गंडमाळा म्हणजे मानेतील लसिका ग्रंथींची माळेसारखी सूज होय. ती बहुतांशी क्षयजन्य असते. या दोन व्याधींची सरमिसळ झाल्याने एकीचे औषध दुसरीस देण्याची पद्धत पडली. शार्ङ्गधरसंहितेतील कांचनार गुग्गुळ या सुप्रसिद्ध कल्पाचा प्रवास या दृष्टीने उद्बोधक आहे. गंडमाळा, अपची, अर्बुद यांसाठी सांगितलेला हा कल्प आज ‘थायरॉईडवर’ म्हणून विकला जातो. गलगंड ही डोळ्यांना दिसणारी सूज आहे, तर अवटु ग्रंथीची मंदावलेली क्रिया ही रक्तातील स्थिती आहे. सूज नसतानाही क्रिया मंद असू शकते आणि सूज असूनही क्रिया सुरळीत असू शकते. जुन्या ग्रंथकारांनी पहिलीचे वर्णन केले. दुसरी त्यांना दिसणे शक्यच नव्हते. त्यांच्या नावावर तिचा उपचार खपवणे हा त्या ग्रंथकारांवरही अन्याय आहे.

युरोपात आयोडिनाचा शोध १८११ मध्ये बर्नार कुर्त्वा या फ्रेंच रसायनज्ञाला समुद्रशैवालाच्या राखेत लागला. तो नेपोलियनच्या युद्धांसाठी लागणाऱ्या दारूगोळ्याचा सोरा तयार करीत होता. जिनिव्हाच्या कॉइंदे या वैद्याने १८२० मध्ये गलगंडावर आयोडिन देण्यास प्रारंभ केला. शैवालाची राख गलगंडावर पूर्वीपासून दिली जात असे, तेव्हा तिच्यातील गुणकारी द्रव्य हेच असावे असा त्याचा तर्क होता. तर्क बरोबर होता, मात्रा मात्र अतिरिक्त ठरली. अनेक रुग्णांना हृदयाची धडधड, क्षीणता असे त्रास झाले आणि आयोडिनाविषयी भय निर्माण झाले. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे हा उपाय सार्वत्रिक होऊ शकला नाही. आजच्या ‘आयोडिनने अपाय होतो’ या मताचा हा पहिला अध्याय म्हणावा लागेल.

अवटु ग्रंथी शरीरात नेमके काय करते, हे बर्नच्या थिओडोर कोखर या शल्यविशारदाच्या अनुभवातून स्पष्ट झाले. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या रुग्णांची त्याने काही काळाने पुन्हा तपासणी केली, तेव्हा ते सुजलेले, मंद आणि थंडीने गारठलेले आढळले. १८८३ मध्ये त्याने हे निरीक्षण प्रसिद्ध केले व ग्रंथीवरील कार्यासाठी १९०९ मध्ये त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान १८९१ मध्ये इंग्लंडमधील जॉर्ज मरे या डॉक्टरने मेंढीच्या अवटु ग्रंथीचा अर्क टोचून अशाच एका स्त्रीवर उपचार केले. ती त्यानंतर २८ वर्षे जगली. एवढ्या काळात तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. १९१४ च्या नाताळच्या दिवशी एडवर्ड केंडॉल याने थायरॉक्सिन स्फटिकरूपात वेगळे केले आणि १९२७ पर्यंत हॅरिंग्टन व बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले. आळेफाट्याच्या दुकानात मिळणारी गोळी या परंपरेतील आहे. तिच्यात नवे द्रव्य नाही, ग्रंथी जे तयार करू शकत नाही तेच ती बाहेरून पुरवते. ती आयुष्यभर का घ्यावी लागते, या प्रश्नाचे उत्तर मरेच्या त्या रुग्णेच्या २८ वर्षांत आहे.

कांगड्यापासून कायद्यापर्यंत

आयोडिनयुक्त मिठाचा सार्वजनिक प्रयोग स्वित्झर्लंडमध्ये १९२२ मध्ये आणि अमेरिकेच्या मिशिगन राज्यात १९२४ मध्ये सुरू झाला. भारतात हा प्रश्न हिमालयाच्या पायथ्याशी सर्वांत तीव्र होता. रॉबर्ट मॅककॅरिसन या लष्करी डॉक्टरने विसाव्या शतकाच्या प्रारंभी गिलगिट परिसरात गलगंडाचा अभ्यास केला आणि दूषित पाण्यास दोषी धरले. स्वातंत्र्योत्तर काळात डॉ. वुलिमिरी रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात केलेला प्रयोग हा भारतीय सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातील एक मानदंड आहे. सुमारे एक लाख लोकसंख्येचा प्रदेश तीन विभागांत वाटून काही विभागांत आयोडिनयुक्त आणि एका विभागात साधे मीठ पुरवण्यात आले. काही वर्षांतच आयोडिन मिळालेल्या विभागांतील मुलांत गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटले. साध्या मिठाच्या विभागातही नंतर आयोडिन दिले गेल्यावर तेथेही तोच परिणाम दिसून आला.

या आधारावर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. प्रारंभी तो उत्तरेकडील पट्ट्यापुरता होता. पुढील पाहण्यांतून महाराष्ट्रासह हिमालयाबाहेरील अनेक राज्यांतही गलगंड आढळला. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, दृश्य गलगंड हे आयोडिन कमतरतेचे केवळ एक रूप आहे हे ध्यानात आले. गर्भावस्थेच्या पहिल्या महिन्यांत अर्भकाची स्वतःची ग्रंथी कार्यरत नसते आणि ते आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते. त्या काळात कमतरता राहिली तर मेंदूची जी हानी होते, ती नंतर कोणत्याही मिठाने भरून येत नाही. १९८३ मध्ये खाजगी उत्पादकांना आयोडिनयुक्त मीठ तयार करण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी मिठापूरचे टाटा मीठ पुडीतून बाजारात आले. १९८४ मध्ये खाण्याचे सर्व मीठ आयोडिनयुक्त करण्याचा निर्णय झाला, १९८६ पासून त्याची टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी सुरू झाली आणि १९९२ मध्ये कार्यक्रमाच्या नावातील ‘गलगंड’ जाऊन तेथे ‘आयोडिन न्यूनता विकार’ आले. शासकीय आकडेवारीनुसार पाहणी झालेल्या ४१४ जिल्ह्यांपैकी ३३७ जिल्हे या विकारांनी बाधित आढळले.

मिठाची ही पुडी ग्रामीण किराण्यात आली आणि खड्याचे मीठ मागे पडले. हा बदल वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. पूर्वी मीठ पायलीने किंवा शेराने मोजून घेत, चिनी मातीच्या बरणीत ठेवत, आणि माती-कचरा जावा म्हणून खडे धुऊनही वापरत. धुण्याने पृष्ठभागावर फवारलेले आयोडिन निघून जाते, दमट हवेत उघडे राहिल्यानेही ते घटते. म्हणजे बारीक, कोरडे, बंद पुडीतील मीठ ही निव्वळ शहरी आवड नव्हती, तिच्यामागे रसायनशास्त्राचा दंडक होता. त्याच वेळी मिठागरांतील छोट्या उत्पादकाला शुद्धीकरण, फवारणी, वेष्टन ही सारी यंत्रणा परवडेनाशी झाली, हेही तितकेच खरे आहे. कोकणच्या मिठागरांच्या ऱ्हासाची इतरही अनेक कारणे आहेत. जमिनीच्या किमती हे त्यांतील मोठे कारण. तथापि हा घटक दुर्लक्षून चालणार नाही.

नागपूरची याचिका

मीठ हा भारतात कधीही केवळ आहाराचा विषय नव्हता. दांडीनंतर मे १९३० मध्ये शिरोडा आणि वडाळा येथे महाराष्ट्रातील सत्याग्रहींनी मिठागरांवर जाऊन कायदा मोडला. मिठावरील कर १९४७ मध्ये रद्द झाला. या पार्श्वभूमीवर केंद्र शासनाने नोव्हेंबर १९९७ मध्ये अधिसूचना काढून, मे १९९८ पासून, खाण्यासाठी साधे मीठ विकण्यावर देशभर बंदी घातली, तेव्हा विरोधकांच्या हाती १९३० चे उदाहरण आयतेच होते. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न लोकांच्या जाणत्या निवडीवर सोडावा, अशी भूमिका घेऊन सप्टेंबर २००० मध्ये ही बंदी उठवण्यात आली. नोव्हेंबर २००५ च्या अधिसूचनेने ती पुन्हा आली आणि मे २००६ मध्ये अमलात आली.

या बंदीस सर्वोच्च न्यायालयात आव्हान देणारी संस्था महाराष्ट्रातील, नागपूरची ‘अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट’ होती, ही बाब मराठी वाचकाला फारशी ठाऊक नाही. लाखोळी डाळीवरील बंदीविरुद्धही लढणाऱ्या डॉ. शांतिलाल कोठारी यांच्याशी या संस्थेचे नाव निगडित आहे. ज्यांच्या शरीरात आयोडिनाची कमतरता नाही त्यांच्यावरही आयोडिनयुक्त मीठ लादणे अनाठायी व अपायकारक आहे, असा याचिकेचा आशय होता. ४ जुलै २०११ रोजी निकाल लागला. अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्याचा हेतू भेसळयुक्त आणि आरोग्यास घातक अन्न रोखण्याचा आहे. साधे मीठ स्वतः घातक नाही. सबब त्यावरील बंदीचा नियम हा कायद्याच्या कक्षेबाहेरचा आहे, असे न्यायालयाने ठरवले. मात्र आयोडिनयुक्त मिठाच्या आरोग्यविषयक उपयुक्ततेची दखल घेऊन न्यायालयाने आपल्या विशेषाधिकारात तो नियम सहा महिने चालू ठेवला, जेणेकरून शासनास फेरविचार करता यावा. दरम्यान अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालील २०११ चे विनियम अस्तित्वात आले आणि तीच बंदी नव्या आधारावर कायम राहिली. औषधे, उद्योग, जनावरांचे खाद्य, अन्नरक्षण अशा कारणांसाठी साधे मीठ आजही योग्य लेबलसह विकता येते.

या निकालाचा अर्थ दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने लावला. आयोडिनयुक्त मीठ घातक आहे असे न्यायालयाने म्हटल्याचे काही ठिकाणी सांगितले जाते. ते सर्वस्वी चुकीचे आहे. न्यायालयाने नियमाच्या अधिकाराची तपासणी केली. कायद्याच्या दृष्टीने याचिकाकर्त्यांचा मुद्दा योग्य होता. वैद्यकाच्या दृष्टीने कार्यक्रमही योग्य होता. ही दोन विधाने एकाच वेळी सत्य असू शकतात, हे मात्र सार्वजनिक चर्चेत क्वचितच मान्य होते.

बाजरी, कोबी आणि बदललेले ताट

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांचे आहारदृष्ट्या दोन भाग पडतात. पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यात महादेव कोळी व ठाकर समाज भात, नाचणी, वरई यांवर जगत आला. पूर्वेकडील पर्जन्यछायेत, म्हणजे आळेफाट्याच्या आसपास, बाजरी हे मुख्य धान्य होते. या बाजरीचा अवटु ग्रंथीशी संबंध आहे, हे १९८० च्या दशकातील सुदानमधील संशोधनातून पुढे आले. दारफूर भागात आयोडिनाची कमतरता होतीच, परंतु तिच्याने गलगंडाचे पूर्ण स्पष्टीकरण होत नव्हते. बाजरीतील काही फ्लेव्होन द्रव्ये ग्रंथीच्या आयोडिन वापरण्याच्या प्रक्रियेत अडथळा आणतात असे प्रयोगांत आढळले. कोबीची कथा याहून जुनी आहे. १९२८ मध्ये अमेरिकेत प्रयोगशाळेतील सशांना प्रामुख्याने कोबी खाऊ घातला असता त्यांना गलगंड झाल्याचे दिसून आले आणि तेव्हापासून कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी यांच्यावर जो ठपका बसला तो बसलाच.

वस्तुतः अशा द्रव्यांचा परिणाम आयोडिन अपुरे असताना आणि तो एकच पदार्थ रोजच्या रोज भरपूर खाल्ला असता प्रकट होतो. दारफूरच्या शेतकऱ्याचे ताट आणि आजच्या आळेफाट्याचे ताट यांत अंतर आहे. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे या कुकडी प्रकल्पातील धरणांच्या पाण्याने या भागात ऊस, कांदा, टोमॅटो, भाजीपाला आणला आणि बाजरीच्या भाकरीशेजारी गव्हाची चपाती आली. येथील बाजरी खाणारा माणूस आज आयोडिनयुक्त मीठही खातो. अशा स्थितीत थायरॉईडच्या रुग्णाने भाकरी आणि शिजवलेली कोबीची भाजी वर्ज्य करावी, या सल्ल्यास आधार नाही. तरीही हा सल्ला छापील कागदावर रुग्णाच्या हाती पडतो आणि घरातील स्वयंपाकाचे गणित बिघडवतो. सामान्यतः तो स्वयंपाक करणारी आणि ती रुग्ण ही एकच व्यक्ती असते, हेही लक्षात घेतले पाहिजे.

कमतरतेचा रोग आणि प्रतिकारशक्तीचा रोग

येथवरचा इतिहास आयोडिनाच्या कमतरतेचा आहे. आजच्या रुग्णाची कथा बहुधा निराळी असते. १९१२ मध्ये हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यविशारदाने अवटु ग्रंथीच्या एका विकाराचे वर्णन केले. त्यात शरीराची प्रतिकारयंत्रणाच ग्रंथीवर हल्ला करते, हे पुढे १९५० च्या दशकात सिद्ध झाले. ज्या समाजास पुरेसे आयोडिन मिळते तेथे ग्रंथी मंदावण्याचे हेच प्रमुख कारण आहे. भारतातील आठ शहरांत झालेली आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की, प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के व्यक्तींमध्ये ग्रंथीची क्रिया मंद होती. मुंबई, गोवा व चेन्नई या किनारी शहरांपेक्षा अंतर्भागातील शहरांत प्रमाण काहीसे अधिक होते.

मग ‘आयोडिनच्या मिठानेच थायरॉईड वाढला’ हे मत खरे मानावयाचे काय? यात सत्याचा एक अंश आहे. दीर्घकाळ कमतरतेत राहिलेल्या समाजास आयोडिन मिळू लागले की प्रतिकारशक्तीजन्य विकारांत काही वाढ होते, असे अनेक देशांतील निरीक्षण आहे. अतिरिक्त आयोडिनामुळे ग्रंथी तात्पुरती संप्रेरकनिर्मिती थांबवते, हे वुल्फ आणि चायकॉफ यांनी १९४८ मध्ये दाखवले होते. निरोगी ग्रंथी यातून सावरते, आधीच दुखावलेली सावरेलच असे नाही. परंतु येथे ‘अतिरिक्त’ या शब्दाचे परिमाण पाहिले पाहिजे. प्रौढ व्यक्तीची दैनंदिन गरज १५० मायक्रोग्रॅम आणि गर्भवतीची २५० मायक्रोग्रॅम आहे. सत्तर वर्षांच्या आयुष्यात लागणारे सर्व आयोडिन चार ग्रॅमही भरत नाही. दर ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम आयोडिन असलेले दहा ग्रॅम मीठ बरोबर १५० मायक्रोग्रॅम देते. त्यात धोकादायक अतिरेक होत नाही. मोठ्या प्रमाणात तपासण्या होऊ लागल्याने पूर्वी न कळणारे रुग्ण कळू लागले, हा घटकही आकडे वाढण्यामागे आहेच. आणि मीठ बंद करून एका घरातील प्रौढाचा विकार परतवता येत नाही. त्याच घरातील गर्भवतीचे मात्र त्यामुळे नुकसान होऊ शकते.

रक्तदाबासाठी मीठ कमी करा आणि आयोडिनासाठी मीठ खा, असे दोन आदेश एकाच आरोग्यकेंद्राच्या भिंतीवर दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेची मिठाची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमच्या आत आहे. तेवढ्या मिठातून, १५ मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने, ७५ मायक्रोग्रॅमच आयोडिन मिळेल. उरलेले दूध, अंडी, मासळी यांतून यावे लागते, अथवा मिठातील प्रमाण वाढवावे लागते. ही तडजोड धोरणाच्या पातळीवर करण्याची आहे. गृहिणीने चमच्याने ती करावी अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही. उपवासाचे सैंधव आणि अलीकडे लोकप्रिय झालेले गुलाबी मीठ यांत नैसर्गिकरीत्या आयोडिन नगण्य असते. एकादशीपुरते ते असले तर बिघडत नाही. ‘नैसर्गिक’ म्हणून ते रोजच्या स्वयंपाकात आणले की आयोडिनाचा मुख्य मार्ग बंद होतो.

पूरके आणि गोळी

बाजारात ‘थायरॉईड सपोर्ट’ या नावाने मिळणाऱ्या पूरकांत सामान्यतः समुद्रशैवाल, सेलेनियम, जस्त, अश्वगंधा, गुग्गुळ यांचे मिश्रण असते. यांतील सेलेनियमला शास्त्रीय पार्श्वभूमी आहे. थायरॉक्सिनचे क्रियाशील संप्रेरकात रूपांतर करणाऱ्या विकरांत सेलेनियम असते, हे १९९० च्या सुमारास स्पष्ट झाले. हाशिमोतोच्या रुग्णांत सेलेनियमने प्रतिपिंडांचे प्रमाण घटते असे निष्कर्ष काही अभ्यासांनी काढले, परंतु त्यामुळे रुग्णाची गोळी सुटते किंवा त्याला अधिक बरे वाटते असे सातत्याने सिद्ध झाले नाही. शैवालाच्या गोळ्यांत आयोडिनाचे प्रमाण अनिश्चित आणि कित्येकदा फार मोठे असते. कॉइंदेच्या रुग्णांना दोनशे वर्षांपूर्वी झालेला अपाय याच वाटेने पुन्हा होऊ शकतो. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनमुळे तर थायरॉईडच्या रक्ततपासणीचे आकडेच चुकू शकतात. मग चुकीच्या आकड्यावरून गोळीची मात्रा बदलली जाते.

या सर्व पूरकांच्या जाहिराती लोहाविषयी फारसे बोलत नाहीत. ग्रंथीत संप्रेरक तयार करणाऱ्या मुख्य विकरास लोहाची आवश्यकता असते, त्यामुळे पांडुरोगात आयोडिन पुरेसे असूनही त्याचा पुरता उपयोग होत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रिया पांडुरोगी आढळल्या. त्यापूर्वीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. म्हणजे सर्वाधिक गरजेचे पूरक उपकेंद्रात विनामूल्य मिळणारी लोहाची गोळी हेच ठरते.

येथे एक व्यावहारिक अडचण उद्भवते आणि ग्रामीण भागात तिच्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. लोह आणि कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला बांधून ठेवतात व त्याचे शोषण घटवतात. सोयाबीन, चहा आणि कॉफीचाही कमीअधिक तसाच परिणाम होतो. गर्भवती स्त्रीस लोह व कॅल्शियम या दोन्ही गोळ्या शासकीय कार्यक्रमातून मिळतात. थायरॉक्सिन तिने खाजगी दवाखान्यातून आणलेले असते. पहिल्या गोळ्या देणाऱ्या आरोग्यसेविकेस तिसरीची माहिती नसते आणि तिसरी लिहून देणाऱ्या डॉक्टरांस पहिल्या दोहोंची. घरात मात्र तिन्ही एकाच डब्यात राहतात आणि विसरू नये म्हणून सकाळी एकदमच घेतल्या जातात. पुढील तपासणीत आकडा वाढलेला दिसतो, मात्रा वाढवली जाते आणि आयोडिनयुक्त मिठावरचा संशय घट्ट होतो. वास्तविक थायरॉक्सिन पहाटे उपाशीपोटी पाण्याबरोबर घेऊन अर्धा ते एक तास चहा न घेणे, आणि लोह व कॅल्शियम किमान चार तासांनी, दुपारच्या व रात्रीच्या जेवणानंतर वेगवेगळे घेणे, एवढ्याने हा प्रश्न बव्हंशी सुटतो.

राष्ट्रीय कार्यक्रमात आशा कार्यकर्त्यांकडे मीठ तपासण्याचा संच दिला जातो. घरातील मिठावर थेंब टाकला की आयोडिन असल्यास ते निळे-जांभळे होते. २०१८-१९ च्या राष्ट्रीय आयोडिन पाहणीत देशातील ७६.३ टक्के घरांत पुरेशा आयोडिनाचे मीठ आढळले. उर्वरित घरांतील मीठ रंगत नाही, किंवा पुसट रंगते. थेंब टाकण्यासाठी स्वयंपाकघरापर्यंत गेलेल्या कार्यकर्तीने तेथेच गोळ्यांचा डबाही पाहावा आणि त्यांच्या वेळा विचारून घ्याव्यात, अशी तरतूद त्या कामात करता येण्यासारखी आहे.